शेवटची आग

१८ सप्टेंबर

बेलग्रेडहून आत्ता परतले. सुनावणी पार पडली.

मंत्रालयाच्या समितीसमोर, आमच्या चिनीमातीच्या कारखान्याची इंजिनियर म्हणून, ताटल्या फोडल्या. काही बाहेरच्या देशांतून येणाऱ्या, काही आमच्या. फुटलेल्या कडेवर जांभळ्या रंगाचा एकेक थेंब टाकला. बाहेरच्या ताटलीने थेंब पिऊन टाकला आणि डाग आत पसरत गेला. आमच्या तुकड्यावरचा थेंब ओल्या कापसाने पुसला, खाली पांढरंशुभ्र. कमी आचेवर भाजलेली माती पाणी पिते, चौदाशे अंशांवर भाजलेली पीत नाही, एवढंच. समितीचे अध्यक्ष तुकडा चष्म्यापाशी नेऊन म्हणाले, "म्हणजे आमच्या घरी इतके दिवस सूप आम्ही नाही, ताटल्याच पितायत." सगळे हसले.

मग त्यांनी मला विचारलं, "बाहेरच्या मालावर कर लावायचा, तर देशी माल कोणता, ते एका वाक्यात सांगा. वकिली नको."

"ज्या मालाला शेवटची आग इथे लागली, तो इथला," मी म्हणाले.

हे वाक्य आमचे डायरेक्टर मोमिर यांनी जाताना गाडीत सुचवलं होतं. मी ते तपासून घेतलं होतं. आग मोजता येते, तिची नोंद राहते, मताला जागा उरत नाही. अध्यक्षांनी ते शब्दशः लिहून घेतलं.

बाहेर आमचे कामगार शिट्ट्या वाजवत उभे होते. सगळ्यांत पुढे क्रस्मानमामा. आईचा भाऊ, मोठ्या भट्टीचा मुकादम आणि युनियनचा पुढारी.

"काय गं पोरी, आत काय केलंस?"

"ताटल्या फोडल्या."

"घरी फोडायचीस तेव्हा तुझी आई लाटणं घेऊन मागे लागायची. आता सरकार टेबल मांडून बघतंय."

त्याचा आवाज पार बसला होता. स्वस्त मालामुळे आमची तिसरी पाळी आधीच गेली. राहिली ती भट्टी. रेल्वेच्या बोगद्यासारखी लांब. माल गाड्यांवरून एका तोंडाने आत जातो, दुसऱ्या तोंडाने बाहेर येतो, आणि मधली आग आजोबांच्या वेळेपासून विझलेली नाही. विझवली तर थंड होताना विटा तडकतात, आणि नवी बांधायला आज कुणी पुढे येणार नाही. आमच्या ग्लिनिश्ते गावात दुसरा कारखाना नाही.


९ ऑक्टोबर

कर लागला. नक्षी केलेल्या, तयार बाहेरच्या भांड्यांवर, जबर. कायद्यात माझं वाक्य जसंच्या तसं आहे. मी ते दोनदा वाचलं.

फाटकापाशी तुताऱ्या वाजवणारे आले होते. मोमिरसाहेब कँटीनच्या टेबलावर चढून म्हणाले, "हा कर तुमचा आहे! तुम्ही रस्त्यावर उभे राहिलात म्हणून मिळाला!" मामा लहान मुलासारखा रडला. मी टाळ्या वाजवल्या.

"सेंका," झागोर्का म्हणाली, "तुझ्या चेहऱ्यावर झिलई कधी चढणार? जन्मभर कच्चीच राहणार का?" झागोर्का नक्षी विभाग सांभाळते. तिची जीभ तिच्या ब्रशापेक्षा बारीक चालते.


१४ नोव्हेंबर

मोमिरसाहेबांनी नक्षी विभागासाठी नवी विजेची भट्टी घ्यायचं ठरवलं. तिचा तांत्रिक अहवाल मी केला. ताटलीवर फुलांचे छाप चिकटवून आठशे अंशांवर पुन्हा भाजायचे, एवढंच तिचं काम. मला ती गरजेपेक्षा बरीच मोठी वाटली, म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, "मागणी वाढणार. नंतर रडण्यापेक्षा आधी घेतलेली बरी." पटण्यासारखं आहे.

पांढऱ्या मातीचे रेल्वेचे डबे अजून आलेले नाहीत. गोदामात तळ दिसतोय. साहेब म्हणाले, भावावर घासाघीस चालू आहे. हेही पटण्यासारखं आहे. हल्ली ते माझं मत आवर्जून विचारतात.


२५ डिसेंबर

संत स्पिरिदोनचा दिवस. आमच्या कारखान्याचा स्लावा, म्हणजे रक्षक संताचा सण. मातीकाम करणाऱ्यांचा हा संत. त्याने वीट मुठीत दाबली तेव्हा आग वर गेली, पाणी खाली ठिबकलं आणि हातात माती राहिली, असं सांगतात. रसायनाच्या दृष्टीने वर्णनात चूक नाही.

कँटीनमध्ये उपासाचं जेवण होतं. ओव्हनमध्ये भाजलेला घेवडा, मासे, उकडलेल्या गव्हाचं गोड. जेवण यायच्या आधी सगळ्यांनी ताटल्या उलट्या करून शिक्का बघितला. पाद्रीबाबांनीसुद्धा. आमच्या गावची ही खोड आहे. लग्नाला जा, दुसऱ्या गावच्या हॉटेलात जा, ग्लिनिश्तेचा माणूस आधी ताटली उलटी करतो. आमचा निळा शिक्का दिसला की खुशीत जेवायला बसतो, नाही दिसला तर यजमानाला ऐकवतो.

मग कोलाच फोडायचा, वेण्या घातलेला गोल पाव. तो यंदाचा यजमान आणि पुढच्या वर्षीचा यजमान दोघांनी मिळून धरायचा, फिरवायचा, वाइन ओतून फोडायचा. जो धरतो, त्याने शब्द दिला की पुढच्या वर्षीचा स्लावा माझा. यंदाचे यजमान मोमिरसाहेब होते. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हाक मारली, "क्रस्मान, ये. पुढच्या वर्षी तू."

मामाने पाव दोन्ही हातांनी धरला. पाव फुटल्यावर तो म्हणाला, "आता पुढचं वर्ष तरी कुणाच्या बापाची हिंमत नाही मला काढायची." सगळ्यात मोठ्याने साहेब हसले.


२२ जानेवारी

भट्टीच्या गाड्या अर्ध्या रिकाम्या जात आहेत. मामा म्हणतो, हिवाळा आहे, दरवर्षी असंच. मी मागच्या वर्षांच्या नोंदी काढून बघितल्या. दरवर्षी असं नसतं. पण माती उशिरा आली, त्याचा हा परिणाम असणार.

झागोर्का म्हणाली, "मागच्या शेडमध्ये पांढऱ्या कोऱ्या ताटल्यांचे खोके येऊन पडलेत. आपल्या कमी पडल्या की काय?"

मी साहेबांना विचारलं. नक्षीच्या चाचणीसाठी आणल्यात म्हणाले. नवी भट्टी, नवे छाप, चाचणी लागणारच.

"हलक्या आहेत गं," झागोर्का म्हणाली.

चाचणीचा माल कसाही चालतो, असं मी तिला सांगितलं.


१९ फेब्रुवारी

वाढदिवस म्हणून आई मला पुलाजवळच्या खानावळीत घेऊन गेली. ताटली उलटी केली. आमचा निळा शिक्का. आई खूश. मी शिक्क्याच्या बाजूला बघितलं. ताटली ज्या कडेवर उभी राहते ती कड झिलईविना असते. आमची पांढरी असते. ही राखाडी होती.

मालकाला म्हटलं, मला ही हवी आहे. तो म्हणाला, "घेऊन जा बाई, तुमच्याच कारखान्याची तर आहे." पिशवीत घालून थेट प्रयोगशाळेत गेले. हातोडीचा एक ठोका. थेंब.

डाग पसरला.

पुन्हा केलं. आमच्या पॅकिंगमधून तयार खोक्यातल्या ताटल्या मागवल्या आणि त्या फोडल्या. प्रत्येकीत डाग पसरला. ज्या ताटल्यांविरुद्ध मी बेलग्रेडला साक्ष दिली, त्याच ताटल्या. वरून आमची फुलं, खालून आमचा शिक्का.

टेबलावर जांभळे तुकडे पडले होते. मी ते आवरले नाहीत.


२० फेब्रुवारी

मोमिरच्या खोलीत गेले. (यापुढे साहेब लिहिणार नाही.) दोन तुकडे त्याच्यासमोर ठेवले.

तो चिडला नाही. कॉफी मागवली. "कोऱ्या मालावर कर नाही, नक्षीच्या मालावर आहे. मी कोरा आणतो, नक्षी इथे करतो. शेवटची आग इथली. वाक्य कुणाचं आहे, सेंका?"

"तुम्ही दिलंत मला."

"दिलं मी. पण ते पटवलंस तू. माझ्या तोंडून आलं असतं तर त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं नसतं." तो माझ्याकडे कौतुकाने बघत होता, हे सगळ्यात वाईट. "आणि बेकायदेशीर काय आहे, दाखव ना."

बेकायदेशीर काहीच नाही.

"मग भट्टी?" मी विचारलं.

"भट्टी गॅस खाते, बाई. पाव देत नाही."

कॉफी मी तशीच ठेवून आले. कप त्याच मालातला होता.


२३ फेब्रुवारी

मामाला सांगितलं. त्याच्या अंगणात, लाकडं फोडत होता. तुकडे दाखवले, थेंब दाखवला. त्याने तुकडा हातात घेऊन उलटा केला.

"शिक्का आपला आहे."

"मामा, शिक्का आपला आहे, ताटली नाही."

"आपला शिक्का दुसऱ्याच्या ताटलीवर बसेल कसा? माझ्या बापाने ज्या शिक्क्याखाली जन्म काढला तो शिक्का?"

"रबराचा आहे, मामा. कशावरही बसतो."

त्याने कुऱ्हाड ठोकळ्यात रोवली. "तू शिकलीस, साहेबाबरोबर बेलग्रेडला गेलीस, आता तुला सगळीकडे चोर दिसायला लागले. त्याने माझ्याबरोबर कोलाच धरलाय. पाद्र्यासमोर. कळतंय का तुला काय धरलंय ते?"

"कळतंय."

"नाही कळत. असे ताटलीखाली डोळे घालून बसलीस तर ताटलीतलं काही खाता येणार नाही तुला."

मी निघाले. मला राग आला होता, मोमिरचा नव्हे, मामाचा. दोन पिढ्या मातीत काम करून हे लोक शिक्का बघतात. माती बघत नाहीत. हे लिहिल्यावर लक्षात आलं की मीही कायद्यातलं वाक्यच बघितलं होतं.


६ एप्रिल

आज भट्टीचा गॅस बंद करायला सुरुवात झाली. देखभालीसाठी, असं फलकावर लिहिलंय. भट्टीवाल्यांना रजा. कुणालाच परत यायची तारीख दिलेली नाही.

मामाने स्वतःच झडप फिरवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "हळू उतरवली तर विटा टिकतील," असं सारखं म्हणत होता. घाई केली नाही तर नुकसान कमी होतं हे खरं आहे. मी तापमान वाचत होते, तो झडप फिरवत होता.

दुपारी आतून आवाज आला, गोठलेल्या नदीवर बर्फ तडकतं तसा. मामा थांबला. मग पुन्हा एक. त्याने टोपी काढली.

"ही देखभाल नाही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.


७ एप्रिल

लाज नाही या मोमिरला. फाटकावर नवा फलक लावलाय: देशी उद्योग, देशी घाम. रंगवणारा परगावचा होता. आमच्यातलं कुणी तयार झालं नाही.


१२ जून

आई विचारते, राजीनामा का देत नाहीस. कारण मी गेले तर जांभळी बाटलीही जाईल. येणाऱ्या प्रत्येक खेपेतली एक ताटली मी फोडते आणि तुकडा तारीख घालून ठेवते. मोमिरला माहीत आहे. मला काढलं तर लोक विचारतील, म्हणून काढत नाही.

समितीच्या कार्यालयात फोन केला. पलीकडची बाई गोड बोलली. कायद्याचा मजकूर स्पष्ट आहे, म्हणाली, तंत्रज्ञांनीच दिलेला आहे.

आज भट्टीत आत शिरले, टॉर्च घेऊन. छताच्या विटा मधल्या भागात गेल्या. दोन्ही टोकांच्या धरून आहेत. मामाने हळू उतरवली म्हणून. मधला भाग नव्याने बांधला तर पेटू शकेल. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण आशा हे माप नव्हे.

मामा दुसऱ्यांच्या बागांमध्ये प्लम तोडायचं काम शोधतोय.


२२ डिसेंबर

मामा आला. दारातूनच म्हणाला, "परवा नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्लावा. यजमान मी."

"त्यांनी तुला कामावरून काढलंय, मामा."

"कामावरून काढता येतं. स्लावावरून कोण काढणार? मी कोलाच धरलाय." मग कॉलर चाचपत, खाली बघत, "तुझी ती जांभळी बाटली घेऊन ये."


२५ डिसेंबर

मामा काळ्या सुटात होता, मामीने भाजलेला कोलाच हातावर घेऊन. मोमिर फाटकात आडवा येऊ शकला नाही, कारण त्याच्याबरोबर पाहुणा होता: समितीचे अध्यक्ष. कराने उद्योग कसा वाचला, त्याचे फोटो काढायला आलेले. पाद्रीबाबाही आले. आणि मामाच्या मागून भट्टीवाले आले, सगळे, बायकांसकट. स्लावाला आमंत्रण नसतं. जो येतो तो पाहुणा.

यजमान बसत नाही. मामाने स्वतः वाढलं. अध्यक्षांनी ताटली उलटी करून शिक्का बघितला. कुणीतरी त्यांना आमची खोड सांगितली असणार. "वा!" म्हणाले.

"साहेब, या पोरीला ओळखलंत?" मामाने विचारलं.

चष्मा नाकावरून वर सरकला. "जांभळा थेंब!"

"दाखव गं परत. साहेबांना आवडला होता."

"क्रस्मान," मोमिर म्हणाला, "आज सणाचा दिवस आहे."

"म्हणूनच. आज यजमान मी आहे, आणि तू माझा पाहुणा." मामाने मोमिरच्या पुढ्यातली ताटली उचलली, घेवडा परत पातेल्यात ओतला, ताटली रुमालाने स्वच्छ पुसली आणि माझ्या हातात दिली.

मी टेबलाच्या कडेवर ती फोडली. थेंब टाकला. डाग आत शिरला, शिक्क्याच्या दिशेने गेला. झागोर्का पुटपुटली, "फुलं मी चिकटवली त्याच्यावर. माझ्या हातांनी."

अध्यक्षांनी तुकडा घेतला. खाली बघितलं, कडेला बघितलं. "पण शेवटची आग..."

"इथलीच आहे," मोमिर म्हणाला. "कायद्यात बसतंय."

"कायद्यात माझं वाक्य आहे," मी म्हणाले, "आणि ते चुकीचं आहे. शेवटच्या आगीत फूल चिकटतं. ताटली होत नाही. ज्या आगीत मातीची ताटली होते, ती एप्रिलपासून बंद आहे. ती आग जिथली, माल तिथला. मी आधीचं वाक्य मागे घेते."

"बाई, ते आता राजपत्रात आहे. असं मागे घेता येत नाही."

"मग परत सुनावणी घ्या. माझ्याकडे प्रत्येक खेपेचा तुकडा आहे. सगळे तुमच्यासमोर ओले करते."

माझा आवाज चढला होता. मला तो माझा वाटला नाही, पण मी तो खाली आणला नाही.

पाद्रीबाबा खाकरले. कोलाच राहिला होता. मोमिर लगेच उठला, फोटोवाल्याकडे बघून दोन्ही हात पुढे केले. मामाने पाव मागे घेतला.

"तू मागच्या वर्षी धरलास. आम्ही बघितलं काय धरलंस ते." मग माझ्याकडे वळला. "तू धर."

पुढच्या वर्षी स्लावा, इथे. म्हणजे सुनावणी, कायदा, मधल्या भागाच्या विटा, गॅस. शक्यता किती, हे मी मनात मांडायला लागले आणि थांबले. पाव अजून कोमट होता. मी धरला. आम्ही तो फिरवला, वाइन माझ्या मनगटावरून बाहीत गेली, पाव फुटला. मागून कुणीतरी भट्टीवाला ओरडला, "इंजिनियरबाई, आता तुम्हीच घेवडा शिजवायचा!" आणि लोक हसले, पण बऱ्याच जणांचे डोळे पुसायचे राहिले होते.

मोमिर आपल्या पुढ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत बसला होता. त्याला कुणी दुसरी ताटली आणून दिली नाही.

निघताना अध्यक्षांनी हळूच विचारलं, "ती भट्टी बघता येईल का?" मी त्यांना घेऊन गेले. मामा मागे, मामाच्या मागे सगळे. तोंडाशी अंधार होता, विटांवर दव गोठलं होतं. अध्यक्षांनी हातमोजा काढला, विटेवर तळहात ठेवला आणि पोळल्यासारखा मागे घेतला.

"किती थंड आहे ही," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "तुमच्या कराने हिलाच वाचवायचं होतं."